सहा चौकोनांचा आकाशकंदील
(इयत्ता सातवी व आठवीच्या कागदकामाविषयी काही सूचना)



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या बहुतेक शाळांतून कागदकामाचा तास उत्साहाने घेतला जातो. लहान वर्गांत पताका, साखळ्या, फुले यांत मुले रमून जातात. परंतु बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींपुढे तेच काम ठेवले असता ती मनातून हसतात, आणि त्यांचे हसणे अगदीच अस्थानी असते असे म्हणता येणार नाही. या वयाच्या विद्यार्थ्यास खेळणे नको असते. ज्यात बुद्धी व हात या दोहोंची कसोटी लागेल, आणि जे पुरे झाल्यावर चारचौघांत टांगता येईल, असे काम त्यास हवे असते. आपल्या घरोघरी दिसणारा बांबूच्या कामट्यांचा परंपरागत आकाशकंदील हे असे एक काम होय. तो वर्गात कसा करवून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक कबुली द्यावयास हवी. सुमारे तीस वर्षांपूर्वी सहायक शिक्षक असताना मी वर्गात कंदिलांची स्पर्धा ठेविली. प्रत्येकाने घरून कंदील करून आणावयाचा, असा नियम होता. पहिले बक्षीस ज्यास दिले तो कंदील एका कसबी कारागिराने केलेला होता, हे मागाहून कळले. दुसऱ्या एका मुलाने स्वतः केलेला, एका बाजूस कललेला कंदील आणला होता. निकालाच्या आधीच त्याने तो खिळ्यावरून काढून दप्तरामागे लपविला. पुढील वर्षी त्याने काहीच आणले नाही. दोष त्या मुलाचा नव्हता. योजना करणाऱ्याचा होता. मी वस्तू पाहिली, ती करणारा हात पाहिला नाही. पुढे देण्यात आलेली रीत या चुकीतून मला सुचली आहे.

कंदिलाची घडण

परंपरागत कंदील नीट न्याहाळला तर तो सहा सारख्या चौरसांचा बनलेला दिसतो. चार चौरस कोपऱ्यावर उभे असून त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांस जोडलेले असतात. एक चौरस वर व एक खाली आडवा असतो. वरच्या चौरसाचे चार कोपरे उभ्या चौरसांच्या वरच्या कोपऱ्यांस आणि खालच्याचे खालच्या कोपऱ्यांस बांधले की मध्ये आपोआप आठ समभुज त्रिकोण तयार होतात. त्रिकोणांसाठी निराळी कामटी लागत नाही. सहा चौरसांच्या चोवीस कामट्यांतच सारा सांगाडा उभा राहतो.

म्हणून वर्गाचे सहा-सहा जणांचे गट पाडावेत व प्रत्येकाने एक चौरस करावा. येथे कोणी केवळ कागद पुरविणारा वा खळ ढवळणारा राहत नाही. एकाचा चौरस चुकला तर कंदील जुळत नाही, आणि गट आपण होऊन त्या सोबत्याच्या मदतीस धावतो. मुलींनी चिकटवावे व मुलांनी कापावे, ही वाटणीही कटाक्षाने टाळावी.

साहित्य व कृती

एका कंदिलास २२ सें. मी. लांबीच्या चोवीस व ३१ सें. मी. लांबीच्या तीन पातळ कामट्या, पतंगी कागद, रिळाचा दोरा व मैद्याची खळ इतके साहित्य पुरते. कामट्या तासण्याचे काम धारदार सुरीचे असल्यामुळे ते विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये. गावात बांबूकाम करणारे कारागीर असतील तर त्यांस एक दिवस सन्मानाने वर्गात बोलवावे. त्यांच्या हातातील वेग व अचूकपणा मुलांनी पाहणे हाही एक पाठच आहे. खळीत मोरचूद मुळीच घालू नये; ते विषारी असते. खळ रोज ताजी करावी.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांस १ सें. मी. सोडून खूण करावी. म्हणजे खुणांमधील अंतर २० सें. मी. राहील. खुणेवर खूण ठेवून दोऱ्याने फुलीची गाठ बांधावी. चौकोन तयार झाला की तो हाताने दाबून पाहण्यास सांगावे. तो तिरका होतो. तीनच कामट्यांचा त्रिकोण दाबला असता तो मात्र हलत नाही. पुलांच्या व छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का वापरतात, हे मुलांस या एका प्रयोगाने समजते.

मग चौकोनाचे कोन काटकोन झाले आहेत हे कसे ओळखावे? त्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले पाहिजेत, आणि पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे प्रत्येक कर्ण सुमारे २८.३ सें. मी. असला पाहिजे. उभ्या राहणाऱ्या चार चौरसांवर कागद याच स्थितीत चिकटवावा. कागद २२ सें. मी. बाजूचा घेऊन, कोपरे छाटून, चारही कडा कामटीवरून दुमडाव्यात. खळ पातळ व बेताची लावावी, अन्यथा कागदाचा रंग फुटतो. कागद वाळून ताठ झाला की चौरस सहसा तिरका होत नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणी करावी. वरच्या चौरसास दोन्ही कर्णांवर व खालच्यास एका कर्णावर लांब कामटी बांधावी. वरच्या फुलीस टांगण्याची दोरी येते, आणि खालून दिवा लावण्यास हात जाण्यापुरती जागा राहते. नंतर आठ त्रिकोण चिकटवावेत. शेवटी झिरमिळ्या लावाव्यात. यंत्रावर तयार झालेला कागद एका दिशेने सरळ फाटतो व दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. ती सरळ दिशा आधी शोधून तिच्या लांबीने झिरमिळ्या कापल्या तर त्या लवकर फाटत नाहीत.

आत पणती ठेवू नये. कागद व ज्योत यांची सोबत धोक्याची असते. न तापणारा लहान एलईडी दिवा वापरावा व त्याची जोडणी जाणत्या प्रौढाने करावी.

गणिताशी सांगड

कागद आणण्यापूर्वी तो किती लागेल, याचा हिशेब मुलांनी मांडावा. चार चौरसांचे १६०० चौ. सें. मी. आणि आठ त्रिकोणांचे सुमारे १३८६, मिळून सुमारे २९८६ चौ. सें. मी. होतात. दुमडण्याच्या कडा निराळ्या धराव्यात. तयार कंदिलाचे शिरोबिंदू १२, पृष्ठे १४ व कडा २४ मोजवून घ्याव्यात. शिरोबिंदू व पृष्ठे यांची बेरीज कडांहून दोनाने अधिक येते, हे ऑयलरचे सूत्र फळ्यावर शिकविण्यापेक्षा हातातील कंदिलावर अधिक पक्के होते.

हस्तव्यवसायातून ज्ञान द्यावे, हा विचार आपणांस नवा नाही. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी तो देशापुढे मांडला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. त्या दिवसांत हे काम सहज बसते. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली, ती का आली, हेही येथे ओघाने सांगता येते.

अखेरचा प्रश्न

सहा जणांनी मिळून केलेला कंदील न्यावयाचा कोणी? हा प्रश्न शिक्षकाने सोडवू नये. गटासच सोडवू द्यावा. एका शाळेत मी पाहिले, एका गटाने आपला कंदील गावाच्या दवाखान्याच्या ओसरीत टांगला, दुसऱ्याने ज्या सोबत्याचे आईवडील ऊसतोडणीसाठी दूर गेले होते त्याच्या आजीच्या दारी. ज्या मुलांच्या घरी दिवाळी साजरी होत नाही, त्यांनाही ही जोडणी परकी वाटत नाही. याच कामट्यांची चांदणी नाताळात दारी लावता येते.

तपासणीच्या वेळी आम्हां अधिकाऱ्यांस दाखविण्यासाठी शिक्षकांनी स्वतः रात्री जागून सुबक कंदील करून ठेवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. किंचित कललेला, परंतु सहा मुलांच्या हातांनी उभा राहिलेला कंदील आम्हांस दाखवावा. त्याच्या कललेपणाचे कारण मुलांस सांगता आले, म्हणजे पाठ साधला असे खुशाल समजावे.