वायफायचं नंतर, आधी मीटर बघा!

फ्लॅट बघायला गेलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. 'काका, वायफाय आहे ना?' मीटर कुठे आहे, हे कुणीच विचारत नाही. पुण्यात तिघाचौघांनी मिळून वन बीएचके घ्यायचा म्हटलं, की भाडं, डिपॉझिट आणि ब्रोकरेजमध्येच अर्धा जीव जातो. लाइट, गॅस, नेट या गोष्टी सामान टाकल्यावर आठवतात.

लाइटच्या बाबतीत पुण्यात निवडायला काही नाहीच. वीज महावितरणची. मुंबईत उपनगरांत अदानी की टाटा पॉवर असा पर्याय असतो खरा, पण तो मीटर ज्याच्या नावावर त्याच्या हातात, म्हणजे घरमालकाच्या. भाडेकरूने करायचं काम वेगळं. सही करण्याआधी शेवटचं बिल मागायचं. त्यावरच्या १२ आकडी ग्राहक क्रमांकावरून थकबाकी आहे का ते कळतं. थकबाकी आधीच्या मुलांची असली तरी कनेक्शन कापलं की अंधारात तुम्हीच बसणार, आणि तेही सबमिशनच्या आठवड्यात. राहायला जाल त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ओनरला व्हॉट्सॲप करा. तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो.

कॉट बेसिसवर राहत असाल तर आणखी एक गंमत बघा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटला सगळ्यात कमी दर लागतो, १०१ ते ३०० ला जास्त, त्यापुढे आणखी जास्त. १८० युनिट वापरले तर १०० स्वस्त दराने आणि फक्त ८० पुढच्या दराने. काही ओनर मात्र सगळ्या युनिटना एकच चढा दर लावतात. मूळ बिल दाखवा म्हणायला लाजू नका.

गॅसचं थोडक्यात. पाइपलाइन असेल तर प्रश्न मिटला. नसेल आणि पत्त्याचा पुरावा नसेल, तर ५ किलोचा 'छोटू' सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे महाग पडतो, पण मॅगी आणि चहापुरता भरपूर.

आता नेट. इथे पर्याय दिसतात खूप, पण आधी वॉचमनला विचारा की बिल्डिंगमध्ये कुणाची केबल आलीय. कित्येक सोसायट्यांत एखाद-दुसरीच कंपनी असते. मग खालच्या मजल्यावरच्या पोरांना विचारा, रात्री दहाला स्पीड किती मिळतो? दुपारी सगळ्यांचंच नेट पळतं. जाहिरातीतल्या १०० एमबीपीएसचा अर्थ सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. एक जीबीची फाइल उतरायला साधारण ८० सेकंद, तेही सगळं सुरळीत असेल तर. चौघांना लेक्चर, रील्स आणि मॅचला तेवढं पुरतं. त्याहून मोठा प्लॅन घेण्याआधी राउटर हॉलमधल्या टीव्हीमागून काढून मध्यभागी ठेवून बघा, फुकटात फरक पडतो.

'अनलिमिटेड'लाही मर्यादा असते. बऱ्याच कंपन्यांच्या प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे. ती सहसा संपत नाही. खिसा कापतात त्या इतर गोष्टी. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी, इन्स्टॉलेशन, राउटरचं डिपॉझिट. आणि वर्षाचा प्लॅन! 'दोन महिने फ्री' ऐकून सगळे भुलतात. पण आपला करार ११ महिन्यांचा, त्यात मे महिन्यात अर्धी गँग गावी. माझं मत विचाराल तर तीन महिन्यांचा घ्या, थोडा महाग पडला तरी.

कनेक्शन कुणाच्या नावावर, हेही आधीच ठरवा. ज्याच्या नावावर, त्यालाच शेवटी राउटर परत करून डिपॉझिट सोडवावं लागतं, आणि तोवर बाकीचे ग्रुपमधून लेफ्ट झालेले असतात. त्याचा वाटा आधीच हातात द्या. नेट बंद पडलं तर कस्टमर केअरकडून तक्रार क्रमांक घ्या, नुसतं 'बघतो' चालणार नाही. दाद मिळालीच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. लाइटसाठी १९१२. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा. फ्रिज नसेल तर दारामागे.