जामीन वडिलांचा, हप्ते आपले

बँकेत होतो तेव्हा शनिवारी अर्धाच दिवस काम असे. दुपारचा डबा संपला की मी फोर्टातून बस पकडून चोरबाजार गाठायचो. १९८६ साली तिथे धुळीने माखलेली एक एलपी मिळाली. वर एका देखण्या गोऱ्या पोराचं छायाचित्र आणि नाव एकाच शब्दाचं – ‘रिकी’. “घ्या साहेब, एल्विसच्या जमान्यातला माल आहे,” दुकानदार म्हणाला. घरी येऊन ऐकली. बारा गाणी. आवाज मऊ, काहीसा बुजरा. बरं आहे, म्हटलं आणि तबकडी कपाटात गेली.

या रिकी नेल्सनची कथा पुढे वाचनात आली. वडील ऑझी नेल्सन वाद्यवृंदाचे प्रमुख, आई हॅरिएट गायिका. दोघांनी १९४४ साली आपल्याच संसारावर रेडिओमालिका सुरू केली. १९४९पासून दोन्ही मुलगे त्यात स्वतःच्याच भूमिका करू लागले. १९५२ साली ती मालिका टीव्हीवर गेली. म्हणजे हे पोर अख्ख्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात लहानाचं मोठं झालं.

असं सांगतात, की मैत्रिणीने एल्विसचं कौतुक केलं म्हणून रिकी ईर्ष्येने म्हणाला, मीही तबकडी काढणार! एप्रिल १९५७मध्ये, सतराही पुरे नसताना, तो मालिकेत ‘आय अॅम वॉकिन’ हे फॅट्स डॉमिनोचं गाणं गायला. मालिकेचे दिग्दर्शक कोण? वडीलच! पोरी वेड्या झाल्या. नोव्हेंबरात इम्पीरियल कंपनीने ‘रिकी’ बाजारात आणली आणि जानेवारी १९५८मध्ये ती ‘बिलबोर्ड’च्या एलपींच्या यादीत पहिली आली.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर वडील जामीन राहिले म्हणून कर्ज मंजूर झालं. डॉमिनो त्याच इम्पीरियलचा कलावंत. न्यू ऑर्लिन्सचा, कृष्णवर्णीय, किती तरी थोर. पण दर आठवड्याला त्याला घरोघरी पोहोचवणारी मालिका त्याच्या वडिलांकडे नव्हती. हे विसरून रिकीचं कौतुक करणं बरं नव्हे.

तरीही ती तबकडी नीट ऐकावी. त्यात कार्ल पर्किन्सची रॉकाबिली आहे, तशी कोल पोर्टरची संथ चालही आहे. पोराला ओढ पहिल्याची होती, हे कानाला कळतं. त्याच सुमारास त्याने जेम्स बर्टन हा जेमतेम अठरा वर्षांचा गिटारवादक सोबतीला घेतला. हाच बर्टन १९६९पासून एल्विसबरोबर वाजवू लागला! ऑगस्ट १९५८मध्ये ‘बिलबोर्ड’ची ‘हॉट १००’ ही यादी सुरू झाली, तेव्हा तिच्यातलं पहिलंवहिलं अव्वल गाणं रिकीचं होतं – ‘पुअर लिट्ल फूल’.

आता थोडं स्वतःविषयी. माझी पहिली कथा १९९१ साली एका दिवाळी अंकात आली. आपल्या लेखणीच्या बळावर आली, अशा समजुतीत मी बारा वर्षं मिरवलो. वडील तालुक्याच्या गावी हेडमास्तर. ते २००३ साली गेले. भेटायला आलेले संपादक सहज बोलून गेले, “सर स्वतः एसटीने कथा घेऊन आले होते. मी त्यांचा विद्यार्थी, नाही कसं म्हणणार?”

वाचकहो, त्यानंतर दोन वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. राग वडिलांचा होता, की स्वतःचा, कोण जाणे!

एका रात्री कपाट आवरताना ‘रिकी’ हाती लागली. तोवर त्याचं पुढलं आयुष्य मला ठाऊक झालं होतं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो लांब केस वाढवून नवी गाणी गायला, तेव्हा हुर्यो झाली. लोकांना तो जुना पोरगाच हवा आहे, असं त्याने धरलं. त्या दुखण्यावर त्याने स्वतः ‘गार्डन पार्टी’ हे गाणं लिहिलं आणि १९७२ साली ते पहिल्या दहांत गेलं. वडील १९७५ साली वारले. म्हणजे ते गाणं त्यांच्या हयातीतलं. ३१ डिसेंबर १९८५ रोजी टेक्सासमध्ये विमान अपघातात रिकी गेला. वय अवघं ४५. मी चोरबाजारात तबकडी घेतली, त्याच्या काही महिने आधी.

पंधरा वर्षं त्याने हप्ते फेडले होते. जामिनाची सही लागली म्हणून ते फेडलेले हप्ते खोटे ठरतात का?

मी तो दिवाळी अंक वडिलांच्या पेटीतून काढला. माझ्या कथेत त्यांनी लाल शाईने तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. शेवटच्या पानाखाली, उत्तरपत्रिकेवर करावी तशी, बारीक सही होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहायला बसलो.