पायाची जखम आणि तीन संदिग्ध शब्द

‘पायाले जखम झाली, भरून नाही राह्यली’ अशी तक्रार अमरावती-अकोल्याकडील बोलीत ऐकू येते. घोट्याच्या वर, बहुधा आतील बाजूस होणारी व महिनोन्महिने न भरणारी ही जखम पुष्कळदा शिरांच्या विकारातून उद्भवते. तिच्या उपचाराची चर्चा करताना तीन शब्द घोटाळा करतात. त्यांची फोड येथे करावयाची आहे.

पहिला शब्द ‘व्रण’. सुश्रुतसंहितेत व्रण म्हणजे प्रत्यक्ष जखम. चालू मराठीत मात्र जखम भरल्यावर उरणारी खूण. ‘व्रण आहे’ या वाक्याचा अर्थ वैद्याच्या मनी एक आणि रुग्णाच्या मनी दुसराच असू शकतो.

दुसरा शब्द ‘शीर’ किंवा ‘नस’. रक्त हृदयाकडे नेणारी नीला व हृदयाकडून आणणारी रोहिणी या दोहोंना बोलीत हे एकच नाव पुरते. शास्त्रात तसे चालत नाही. नीलेतील झडपा निकामी झाल्या की रक्त पायात तुंबते, दाब वाढतो, त्वचा काळवंडते आणि फुटते. यावर मुख्य उपाय घट्ट पट्टी हाच होय. परंतु रोहिणी अरुंद झालेली असल्यास तीच पट्टी पाय गमावण्यास कारण होऊ शकते. म्हणून घोट्यातील व दंडातील रक्तदाबांचे गुणोत्तर आधी पाहतात, ते ०.८ हून कमी असल्यास पूर्ण दाबाची पट्टी सहसा बांधीत नाहीत.

तिसरा शब्द ‘लेझर’. पहिले लेझर मेमन यांनी १९६० साली सिद्ध केले. पुढे १९६७ मध्ये बुडापेस्ट येथे मेस्टर यांना मंद लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर वाढल्याचे आढळले. तांबडा वा अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जानिर्मितीस चालना देतो, अशी यामागील उपपत्ती आहे. तथापि पायाच्या अशा जखमांवरील चार चाचण्यांचा १९९९ साली कॉक्रेन समीक्षेने परामर्श घेतला, तेव्हा मंद लेझरचा लाभ सिद्ध झाला नाही. याउलट, नीलेत तंतू घालून तिला उष्णतेने बंद करणारे लेझर निराळे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, लेझर वा तत्सम उपायांनी सदोष नीला लवकर बंद केल्यास जखमा लवकर भरतात असे दिसले. पट्टी मात्र तेथेही होतीच.

एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावे खपू नये, यासाठी ‘मंद लेझर’ व ‘नीलारोधक लेझर’ अशी दोन नावे रूढ करावीत. बोलीचा अभ्यास करणाऱ्याने ‘नस’ एवढेच टिपून थांबू नये; बोलणाऱ्यास कोणती नस अभिप्रेत आहे, हेही विचारावे.