आधी तारीख ठरवा, मग नकाशा उघडा

सोलापुरात घरात सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो "कुठे जायचं?" कुणी काश्मीर म्हणतं, कुणी केरळ, आजीला जगन्नाथपुरी हवी असते आणि मुलांना वाघ. ठिकाण ठरतं आणि मग त्याला रजा चिकटवली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आपला देश उत्तर-दक्षिण 3,214 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 2,933 किलोमीटर पसरलेला आहे. वर्षातल्या कुठल्याही आठवड्यात इथे कुठेतरी उत्तम हवा असते, आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे पूर, वादळ, बर्फ किंवा बंद फाटक असतं. म्हणून आधी सुट्टीची तारीख पक्की करावी आणि त्या तारखेला कुठलं दार उघडं आहे ते बघावं.

ठिकाण आधी ठरवण्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती एका समजापायी: "दिवाळीला पाऊस संपलेला असतो, मग कुठेही जा." आपल्यापुरतं हे बरोबर आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे ऑक्टोबरात महाराष्ट्रातून निघून जातात. पण नंतर वाऱ्याची दिशा बदलते, ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेतात आणि ते पाणी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पडतं. त्या राज्याचा वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतला आहे. आपण भाऊबीज उरकून रामेश्वर, कन्याकुमारी, पुद्दुचेरीला निघतो तेव्हा तिथे भर पावसाळा असतो. 2015 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नईत पूर आला आणि विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर हाच काळ चक्रीवादळांचा. ओडिशाचं महाचक्रीवादळ 29 ऑक्टोबर 1999 चं, फायलिन 12 ऑक्टोबर 2013 चं आणि विशाखापट्टणम उद्ध्वस्त करणारं हुदहुद बरोबर वर्षाने, 12 ऑक्टोबर 2014 चं. याचा अर्थ दरवर्षी दिवाळीत तिकडे वादळ येतंच असा नाही. पण आयुष्यात एकदाच रामेश्वर करणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जायचं असेल, तर संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपून जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत निघावं.

दिवाळीत मग जायचं कुठे? राजस्थान, कच्छ, मध्य प्रदेश आणि आपलं कोकण. पावसाळ्यात बंद असलेल्या मालवणच्या होड्या तोवर सुरू झालेल्या असतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं. भर पावसाळ्यात रजा मिळाली तर लडाख आहे. सह्याद्रीच्या आड असल्यामुळे सोलापूर जसं पर्जन्यछायेत येतं, तसंच लडाख हिमालयाच्या आड येतं, आणि जून ते सप्टेंबर हाच तिथला हंगाम.

लडाखवरून आणखी एक समज आठवतो: "आम्ही तब्येतीने ठणठणीत, आम्हाला काही होत नाही." सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, कळसूबाई 1,646 मीटर आणि लेह सुमारे 3,500 मीटर. विमानाने थेट तिथे उतरलं की शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, धाप लागणं हे धडधाकट तरुणालाही होतं. व्यायामाचा आणि त्याचा फारसा संबंध नाही. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे धरावेत. ते वाचवून खारदुंग ला खिंड गाठणारे पुढचे चार दिवस गमावतात.

आता रेल्वे. "वेटिंग असलं तरी बसू, टीसी काहीतरी करेल" असं अजूनही आत्मविश्वासाने सांगितलं जातं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि शुल्क वजा करून पैसे परत येतात. त्यानंतर त्यावर गाडीत चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. काउंटरचं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही, पण ते घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही. आरएसी वेगळं. त्यात चढता येतं, बहुधा साइडच्या बाकावर दोघांत एक जागा मिळते. सोलापूरकरांनी एवढंही ध्यानात घ्यावं की आपण बऱ्याच लांबच्या गाड्यांच्या मधल्या स्टेशनवर आहोत. मधल्या स्टेशनांच्या वाट्याला अनेकदा आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल प्रकारची प्रतीक्षायादी येते, आणि ती गाडीच्या मूळ स्टेशनच्या यादीपेक्षा हळू सरकते. वेटिंग 20 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये.

मग आरक्षण कधी करायचं? "चार महिने आधी" हे जुनं झालं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 120 वरून 60 दिवसांवर आली, प्रवासाचा दिवस सोडून. दिवाळीसाठी याचा हिशेब आपल्या पंचांगात अगदी सोपा बसतो. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन हे अंतर साधारण 55 दिवसांचं असतं. म्हणजे पाडवा-भाऊबीजेच्या सुमारास निघणाऱ्यांचं आरक्षण गणपती बसायच्या तीन-चार दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. बाजारात मखरं मांडली जात असतात तेव्हा दिवाळीचं तिकीट काढायचं, हे डोक्यात पक्कं बसवावं. परतीचं तिकीट परतीच्या तारखेपासून मोजून उघडतं, म्हणजे ते ऐन गणपतीत येतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. आणखी एक बारकावा: 60 दिवस मोजले जातात ते गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून सुटते त्या तारखेपासून. बंगळुरूहून संध्याकाळी सुटणारी कर्नाटक एक्स्प्रेस सोलापुरात दुसऱ्या दिवशी पहाटे येते, त्यामुळे सोलापूरच्या तारखेनुसार मोजलं तर तिचं आरक्षण एक दिवस आधीच उघडलेलं असतं. दिल्लीला जाणाऱ्यांच्या जागा त्या एका दिवसात हातच्या जातात.

रेल्वेचं चक्राकार प्रवास तिकीट मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. सोलापूरहून निघून हैदराबाद, विशाखापट्टणम, भुवनेश्वर, कोलकाता, वाराणसी, दिल्ली करत परत सोलापूरला यायचं असेल, तर हा सगळा वळसा एकाच तिकिटात बसतो. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. भाडं काढताना एकूण अंतराचे दोन समान भाग धरून दोन लांब प्रवासांसारखा हिशेब होतो. अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर उतरत असल्याने तुकड्यातुकड्यांच्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडतं. ते ऑनलाइन मिळत नाही, मार्ग लिहून स्टेशनवर अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्याची जागा वेगळी आरक्षित करावी लागते. खटपट आहे, पण निवृत्तीनंतर महिनाभर देश बघायला निघणाऱ्यांनी ती जरूर करावी. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेभाड्यातली सवलत मार्च 2020 मध्ये थांबवण्यात आली, तेव्हा खर्चाचा अंदाज पूर्ण भाड्याने करावा. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटक सुरू झालं की ती संपते.

"सोलापूर आडबाजूला, कुठेही जायचं तर आधी पुणे-मुंबई गाठा" हा समज तर सोडूनच द्यावा. मुंबई-चेन्नईच्या मुख्य लोहमार्गावर आपण आहोत. कोणार्क एक्स्प्रेसमध्ये इथे बसलं तर गाडी न बदलता विशाखापट्टणम आणि भुवनेश्वर येतं, उद्यानने बंगळुरू. मुंबईची वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली, आणि 2025 मध्ये गोव्याचं विमान होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून उडू लागलं. पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे जायचं असताना आधी पश्चिमेला अडीचशे किलोमीटर उलटं जाण्यात काहीच हशील नाही.

"आठ दिवसांत दिल्ली, आग्रा, सिमला, मनाली" या बेतात मात्र नकाशा फसवतो. सोलापूर-दिल्ली रेल्वेने एका दिवसाहून जास्त लागतो. दिल्ली-मनाली पाचशे किलोमीटरहून अधिक, म्हणजे जाता-येता दोन रात्री रस्त्यावर. बेरीज केली तर प्रत्यक्ष पाहायला जेमतेम चार दिवस उरतात. डोंगरातल्या रस्त्याला ताशी तीस किलोमीटर धरावेत. ईशान्येकडे तर उजेडाचाही हिशेब लागतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण गुवाहाटी आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला असल्याने डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाच वाजता पोचून काहीतरी पाहू, हा बेत तिथे चालत नाही. ठिकाणांच्या साप्ताहिक सुट्ट्याही पाहाव्यात: ताजमहाल शुक्रवारी बंद, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी.

"आपल्याच देशात परवाना कसला?" असंही विचारलं जातं. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत बाहेरच्या भारतीयाला इनर लाइन परमिट लागतं. त्याचं मूळ 1873 च्या ब्रिटिश नियमात आहे. लक्षद्वीपलाही परवाना लागतो. तिकिटांच्या आधी त्याची चौकशी करावी.

जंगलाबद्दल दोन समज पक्के आहेत. पहिला, जंगल हिवाळ्यातच पाहावं. थंडीत हिंडायला सुखाचं असतं हे खरं, पण पाणवठे आटतात ते एप्रिल-मेमध्ये आणि वाघ पाण्यावर येतो तोही तेव्हाच. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने चंद्रपूरच्या उन्हाला बिचकू नये. पहाटेची सफारी घ्यावी. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो आणि मंगळवारी साप्ताहिक सुट्टी असते. गाड्यांची संख्या मर्यादित असल्याने सफारीचं आरक्षण आधी करून मगच रेल्वेचं तिकीट काढावं. उलट केलं तर चंद्रपुरात पोचूनही फाटकाबाहेर थांबावं लागतं.

दुसरा समज असा, की जंगल म्हणजे दाट झाडी आणि वाघ. बार्शी रस्त्यावर शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे. तिथे आहेत ते गवताळ माळ, काळविटांचे कळप आणि नशीब असेल तर लांडगा. माळढोक आता क्वचितच दिसतो. माळावर गाड्या घालून, बांधबंदिस्ती करून आणि झाडं लावून आपणच त्याचा अधिवास मोडत आणला आहे. मुलांना वाघ दाखवायला हजार किलोमीटर नेण्यापूर्वी पावसाळ्यानंतरच्या एखाद्या सकाळी, गवत अंगभर वाढलेलं असताना, वन विभागाची परवानगी घेऊन त्यांना तिथे न्यावं. दुर्बीण सोबत असावी आणि गाडी रस्त्यावरच ठेवावी.