गाडी खाली बसवली, आता चाक कोणतं बसवायचं?

टेक्सासमधल्या वॉक्सहॅची गावात 'सी-टेन्स इन द पार्क' नावाचा मेळा भरतो. शेवरोले कंपनीचे जुने सी-10 पिकअप ट्रक तिथे रांगेनं उभे असतात. नावातला 'सी' म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनची ताकद, आणि '10' म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. त्यातही 1967 ते 1972 या वर्षांतल्या गाड्यांवर लोकांचा विशेष जीव आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा ही ओझं वाहणारी गाडी होती. हौद्यात माल पडला की मागची बाजू दबणार, हे धरून ती रिकामी असताना मागे उंच ठेवलेली असे. म्हणूनच आज तिला खाली बसवणारे पुढून 4 इंच उतरवतात तर मागून 6. इथवरचं काम नीट होतं. घोळ सुरू होतो तो चाकं विकत घेताना, कारण चाकांविषयी ऐकीव गोष्टी फार फिरतात आणि त्यांवर विसंबून घेतलेला महागडा संच मडगार्डला घासतो.

सगळ्यात जुनी समजूत अशी, की टायर लहान घातला की गाडी आपोआप खाली बसते. बसते, पण किती? गाडी जमिनीपासून जितकी उंच असते त्यात टायरचा वाटा निम्म्या व्यासाचा. 29 इंच व्यासाचा टायर काढून 27 इंचांचा घातला तर गाडी जेमतेम 1 इंच उतरते. त्या एका इंचासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र मोठी आहे. मागच्या एक्सलचा मधला गोळा तेवढाच जमिनीजवळ येतो. स्प्रिंग बदलून गाडी उतरवली तर तो आहे तिथेच राहतो. शिवाय लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं. स्पीडोमीटर ताशी 60 मैल दाखवत असताना गाडी खरं तर 56च्या आसपास धावते आणि इंजिन विनाकारण जास्त घरघरतं. दिसायलाही ते बरं नाही: मडगार्डची भलीमोठी कमान आणि आत हरवलेलं चाक. उंची कमी करणं हे सस्पेन्शनचं काम आहे, टायरचं नव्हे.

याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे 20 इंची चाक घातलं की गाडी उंच होते. इथे टायरवरचे आकडे वाचता आले की निम्मा गोंधळ मिटतो, आणि ते वाचायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याकडच्या स्विफ्टच्या काही मॉडेलांवर 185/65R15 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. शेवटचा आकडा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. भिंत वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून तिची दुप्पट करून रिमच्या व्यासात मिळवायची.

आता सी-10वर सर्रास दिसणारी दोन मापं घेऊ. 275/60R15 ची भिंत 165 मिलिमीटर. दुप्पट 330, त्यात रिमचे 381, एकूण 711 मिलिमीटर, म्हणजे 28 इंच. 275/40R20 ची भिंत 110. दुप्पट 220, त्यात रिमचे 508, एकूण 728 मिलिमीटर, म्हणजे 28.7 इंच. रिम 5 इंचांनी वाढली, पण बाहेरचा व्यास पाऊण इंचही वाढला नाही. मडगार्डला रिम दिसत नाही, त्याला फक्त टायरचा बाहेरचा घेर कळतो. म्हणून सुरुवात बाहेरच्या व्यासापासून करावी. 15 की 20 हा प्रश्न नंतरचा, आणि बराचसा आवडीचा.

त्या आवडीचा एक परिणाम मात्र फारसं कुणी सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातलं, 2024च्या सुरुवातीला रद्द झालेलं कलम 24008 म्हणायचं, की फेरफार केलेल्या गाडीचा चाकं सोडून कुठलाही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. (याच कायद्याच्या जाचातून 1950च्या दशकाच्या अखेरीस रॉन अगीरे यानं आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली, म्हणजे पोलिस दिसले की गाडी उचलता यावी. लोरायडर, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेल्या, गाड्यांच्या इतिहासात ती गोष्ट मानानं सांगितली जाते.) नियमामागचं कारण साधं होतं: टायरमधली हवा गेली की गाडी रिमवर येते. वरच्या 15 इंची जोडणीत रिमची कड जमिनीपासून साधारण 6 इंच वर असते, 20 इंचीत 4 इंचांच्याही आत. म्हणजे भर वेगात टायर फुटला तर लहान रिमची गाडी जास्त खोल कोसळते. चासीचा किंवा सायलेन्सरचा एखादा भाग 5 इंचांवर लोंबत असेल तर 15 इंची चाकावर तो रस्त्याला भिडेल, 20 इंचीवर वाचेल. मला स्वतःला जुन्या ट्रकवर 15 इंची रॅली चाकं आणि टायरची जाड भिंत हीच शोभा वाटते, पण ती घेताना पोटाखालचा प्रत्येक भाग रिमच्या खालच्या कडेच्या रेषेच्या वर बांधून घेणं भाग आहे. एका बाजूच्या रिमच्या खालच्या कडेपासून पलीकडच्या बाजूच्या टायरच्या तळापर्यंत दोरी ताणली की कळतं.

"बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं," हेही असंच. मुळात बोल्ट तरी बसतात का? 1970पर्यंतच्या सी-10ला 6 बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. 1971 साली पुढचे डिस्क ब्रेक आले आणि त्यांच्यासोबत 5 बोल्ट, 5 इंचांच्या वर्तुळावर. त्याच शेवरोलेच्या कमॅरो गाडीला 5 बोल्ट पावणेपाच इंचांच्या वर्तुळावर, तर फोर्डच्या एफ-100 पिकअपला 5 बोल्ट साडेपाच इंचांवर. पाच बोल्टांच्या चाकात समोरासमोर बोल्ट नसतात, म्हणून वर्तुळ थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन बोल्टांचं मध्य ते मध्य अंतर घ्यायचं: 5 इंची वर्तुळाला ते 74.6 मिलिमीटर भरतं, पावणेपाच इंचीला 71. फरक चार मिलिमीटरांहून कमी! टेप घेऊन अंदाजानं मोजणाऱ्याला तो सापडत नाही. इथे व्हर्नियर वापरावा. कमॅरोची चाकं ठोकून सी-10वर चढवणं हा जिवाशी खेळ आहे.

बोल्ट जुळले तरी खरा प्रश्न उरतोच: चाक आत किती आणि बाहेर किती? जास्तीत जास्त पैसे वाया जातात ते याच जागी, म्हणून इथे जरा थांबू.

चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो तो रिमच्या नेमक्या मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. तो रस्त्याच्या बाजूला सरकलेला असेल तर ऑफसेट धन, आणि चाक गाडीच्या आत जातं. एक्सलच्या बाजूला सरकलेला असेल तर ऋण, आणि चाक बाहेर येतं. अमेरिकी जुन्या गाड्यांच्या जगात मात्र ऑफसेटपेक्षा बॅकस्पेसिंग बोललं जातं: रिमच्या मागच्या कडेपासून त्या सपाट भागापर्यंतचं अंतर. आता लोकांची चूक कुठे होते पाहा. 8 इंची रिम, ऑफसेट शून्य. मग बॅकस्पेसिंग 8च्या निम्मं, म्हणजे 4, असा हिशेब मांडला जातो. पण रिमची 8 इंच रुंदी टायर जिथे बसतो त्या आतल्या खाचांमधली असते. दोन्ही कडांची जाडी धरली की रिम बाहेरून सुमारे 9 इंच भरते. म्हणून शून्य ऑफसेटला बॅकस्पेसिंग साडेचार. हिशेबात अर्धा इंच चुकला की चाक अर्धा इंच भलतीकडे जातं.

उंच गाडीत हा अर्धा इंच पचून जायचा, कारण टायरचा वरचा भाग मडगार्डच्या कडेच्या खाली असायचा. 6 इंच उतरवलेल्या गाडीत मागचा टायर कमानीच्या आत शिरतो. आता बाहेरून पत्र्याची आत वळलेली कड आणि आतून हौद्याची भिंत, यांच्या मधल्या खोबणीत त्याला वरखाली व्हायचं असतं. "माझ्या मित्राच्या सी-10ला हेच माप बसलं" हा पुरावा इथे निरुपयोगी ठरतो. त्याची गाडी किती उतरवली आहे, आतली पत्र्याची भिंत कापून रुंद केली आहे का, एक्सल मूळचा आहे की बदललेला, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि समजा मापं अचूक घेतली, चाकं आली, तरी एकाच बाजूचा टायर घासतो. मालक चाकांना दोष देतो. पण बहुतेक वेळा कारण असतं पॅनहार्ड दांडा. सी-10चा मागचा एक्सल बहुधा कॉइल स्प्रिंगवर असतो, आणि तो डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा एका टोकाला चासीशी, दुसऱ्या टोकाला एक्सलशी बांधलेला असतो. दांड्याचं टोक सरळ वर जात नाही, कमानीत फिरतं. त्यामुळे गाडी उतरवली की अख्खा एक्सल एका बाजूला ढकलला जातो. समजा दांडा 24 इंचांचा आहे आणि तो आडव्या स्थितीपासून 5 इंच कलला, तर एक्सल अर्धा इंच सरकतो. एका बाजूची फट अर्धा इंच कमी, दुसरीची अर्धा इंच जास्त; दोन्ही बाजूंत एका इंचाचा फरक! उपाय सोपा आहे: लांबी कमीजास्त करता येणारा दांडा घालायचा आणि एक्सल मध्यावर आणायचा. पण हे चाकं मोजायच्या आधी व्हायला हवं. दांडा तसाच ठेवून घेतलेली मापं दोन्ही बाजूंना खोटीच निघतात.

रुंद टायरचा मोहही आवरायला हवा. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची हद्द ठरलेली असते. 275/60R15 साठी ती साडेसात ते साडेनऊ इंच. त्याहून रुंद रिमवर ताणून बसवला की भिंत तिरकी होते आणि टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. 275 ही रुंदी ठराविक मापाच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण 5 मिलिमीटर फुगतो. घासणारा टायर कधीकधी नुसत्या रिमच्या रुंदीमुळे घासतो.

"ट्रक आहे, वजनाची काय चिंता?" असं म्हणणाऱ्यांनी मापाशेजारचा भारांक वाचावा. 107 म्हणजे 975 किलो, 99 म्हणजे 775 किलो, एका टायरला. मागे 106 भारांकाचा, म्हणजे 950 किलोचा टायर घेतला, पण तो प्रवासी गाडीच्या वर्गातला असेल, तर पिकअपवर त्याची क्षमता 1.1नं भागून धरतात. राहिले सुमारे 860 किलो. हौदा कायम रिकामा ठेवणाऱ्याला ते पुरेल. शनिवारी मातीच्या गोण्या किंवा मोटरसायकल टाकून नेणाऱ्यानं मात्र दाराच्या चौकटीवरच्या पाटीवरची वजनाची मर्यादा पाहून मगच टायर निवडावा.

आणि टायरवरची नक्षी शाबूत आहे म्हणजे टायर चांगला, हे हौसेच्या गाडीत अजिबात खरं नाही. ती वर्षाला थोडेच मैल धावते, रबर मात्र रोज म्हातारं होतं. 2000 सालापासूनच्या टायरवर डीओटी या अक्षरांपुढच्या ओळीचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात; 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर कितीही देखणा असला तरी काढून टाकावा.

मोजणीचा क्रम असा ठेवावा. गाडी हवी तितकी उतरवून घ्या, पॅनहार्ड दांडा जुळवा, अलाइनमेंट करा. नुसत्या स्प्रिंग बदलून पुढची बाजू उतरवली असेल तर चाकांचा कल बदललेला असतो, आणि तो तसाच राहिला तर टायर आतल्या बाजूनं झिजतो. मग मागच्या स्प्रिंग काढून जॅकनं एक्सल थांब्याला टेकेपर्यंत वर घ्या. हबच्या सपाट भागापासून आतल्या भिंतीपर्यंत आणि बाहेरच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना, वेगवेगळं मोजा. चार आकडे मिळतील. त्यांतला आतला लहान आणि बाहेरचा लहान हे दोनच धरा, आणि दोन्हींतून किमान अर्धा इंच मोकळी जागा वजा करा. पुढच्या बाजूला हेच काम स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून करा, कारण पुढचा टायर सरळ असताना नव्हे तर वळताना, कमानीच्या मागच्या कोपऱ्याला घासतो. एअर सस्पेन्शन असेल तर सगळी हवा सोडून मोजा. आकडे कागदावर उतरले, की त्यांत मावेल असा टायर आधी निवडायचा आणि त्या टायरला चालेल अशी रिम शेवटी.