एकाच्या बदल्यात सहा, वर दीड कोटी डॉलर

३० जून १९९२ रोजी टोरोंटोचे वकील लॅरी बर्टुझी यांनी लवाद म्हणून एक निकाल दिला. वाद शेताच्या बांधाचा नव्हता, एकोणीस वर्षांच्या एका आइस हॉकीपटूचा होता. क्यूबेक नॉर्डिक्स संघाचे अध्यक्ष मार्सेल ओबू यांनी त्याला एकाच दिवशी दोघांना विकलं होतं. आधी फिलाडेल्फिया फ्लायर्सशी बोलणी झाली आणि थोड्याच वेळात न्यूयॉर्क रेंजर्सशीही. बर्टुझींनी साक्षी नोंदवल्या, कागद तपासले आणि फिलाडेल्फियाशी झालेला व्यवहारच पक्का ठरवला. एरिक लिंड्रॉस फ्लायर्सचा झाला. त्याच्या बदल्यात क्यूबेकला सहा खेळाडू, ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि वर रोख दीड कोटी डॉलर मिळाले.

या सौद्यात कुणाचा फायदा झाला, यावर उत्तर अमेरिकेतले हॉकीवेडे अजून भांडतात. बहुतेक जण ‘क्यूबेकने लुटलं’ म्हणून मोकळे होतात. मला ते उत्तर अर्धंच पटतं.

क्यूबेकने असा हिरा विकायला का काढला, हे आधी सांगायला हवं. एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये तळाच्या संघाला नव्या दमाच्या पोरांतून आधी निवड करायला मिळते. नॉर्डिक्स इतके तळाला होते की १९८९, १९९० आणि १९९१ अशी सलग तीन वर्षं पहिली निवड त्यांचीच होती. पहिल्या वर्षी मॅट्स सुंदीन, दुसऱ्या वर्षी ओवेन नोलन आणि तिसऱ्या वर्षी लिंड्रॉस. अंगापिंडाने थोराड, हात नाजूक कारागिराचे. ग्रेट्झकी आणि लेम्यू या दिग्गजांनंतर हाच, असं सगळे म्हणत होते. बफेलोमधल्या समारंभात त्याचं नाव पुकारलं गेलं. तो मंचावर आला, नॉर्डिक्सची जर्सी हातात धरली, पण अंगात घातली नाही. क्यूबेककडून खेळणार नाही हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि पुढचं अख्खं वर्ष तो खरोखरच त्यांच्याकडून खेळला नाही.

फ्रेंचभाषक क्यूबेकने हे मनाला लावून घेतलं. एक इंग्रजीभाषक पोरगा आपल्या गावाला, आपल्या भाषेला नाक मुरडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपला आक्षेप शहरावर नव्हता, संघाच्या मालकावर होता, असं लिंड्रॉस नंतर सांगत राहिला. पण १९९२च्या ऑक्टोबरात तो फ्लायर्सकडून पहिल्यांदा क्यूबेकला खेळायला आला, तेव्हा प्रेक्षकांनी लहान बाळांच्या चोखण्या बर्फावर फेकल्या. हे लाडावलेलं बाळ आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

गंमत म्हणजे हे नाटक त्याआधीही एकदा झालं होतं. १९८९ साली ज्युनियर लीगमध्ये सू सेंट मेरीच्या ग्रेहाउंड्स संघाने त्याला निवडलं, तेव्हाही त्याने नकार दिला होता. त्या संघानेही त्याला ओशावाला देऊन बदल्यात खेळाडू आणि रोकड घेतली. १९९१च्या ज्युनियर अंतिम फेरीत ग्रेहाउंड्सनी नेमकं लिंड्रॉसच्या ओशावालाच हरवलं. ओबूंनी त्यावरून काही धडा घेतला असेल तर तो चांगलाच घेतला.

आता हिशेब. क्यूबेकला पीटर फोर्सबर्ग, माइक रिची, गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल, स्टीव्ह ड्यूशेन, केरी हफमन आणि क्रिस सायमन मिळाले. फोर्सबर्ग तेव्हा स्वीडनमध्येच खेळत होता, आणखी दोन वर्षं येणार नव्हता. तरीही पहिल्याच हंगामात नॉर्डिक्सची गुणसंख्या ५२ वरून १०४ वर गेली. बरोब्बर दुप्पट! रिची आणि ड्यूशेन यांनी कमाल केली आणि संघ बाद फेरीत पोचला. तिथे मॉन्ट्रियलने त्यांना हरवलं आणि पुढे लीगचा करंडक, स्टॅन्ली कपही जिंकला. फ्लायर्स मात्र त्या आणि पुढच्याही हंगामात बाद फेरीच्या बाहेरच राहिले. लिंड्रॉसने पहिल्या वर्षी ६१ सामन्यांत ४१ गोल केले होते, पण एकट्याने संघ होत नाही.

म्हणजे १९९३ साली विचारलं असतं तर उत्तर क्यूबेक. १९९५ साली? फिलाडेल्फिया, किंवा निदान बरोबरी. लिंड्रॉस, जॉन लक्लेअर आणि मिकाएल रेनबर्ग या तिघांची धिप्पाड आघाडी प्रतिस्पर्ध्यांना भिंतीला चेपत होती. लिंड्रॉसने त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक मिळवला. गोल आणि गोलसाठीचे पास मिळून होणाऱ्या गुणांत तो यारोमीर यागरच्या बरोबरीत होता, दोघांचे ७०; यागरचे गोल जास्त म्हणून गुणांचा किताब त्याच्याकडे गेला. संघही पाच वर्षांच्या दुष्काळानंतर बाद फेरीत आला. खेळाडूंच्या अदलाबदलीचा निकाल एका हंगामावर लावू नये, एवढं तरी यातून दिसतं. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परतला आणि २०२४मध्ये मुंबई तळाला गेली, तेव्हा आपल्याकडेही लोकांनी हिशेब महिन्याभरात उरकून टाकला होता.

पण फिलाडेल्फियात लोक खुशीत होते त्याच १९९५ सालच्या मे महिन्यात क्यूबेकचा संघ विकला गेला. बाजारपेठ लहान, कॅनेडियन डॉलर पडलेला, स्टेडियम जुनं आणि नव्यासाठी सरकारकडून हवी तशी मदत नाही. संघ डेन्व्हरला गेला आणि त्याचं नाव कोलोरॅडो अॅव्हलांच झालं. फोर्सबर्ग क्यूबेककडून जेमतेम एकच हंगाम खेळला, तोही टाळेबंदीमुळे अर्धाच झालेला. त्यात त्याला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. गाव बघत राहिलं आणि रोप दुसऱ्याच्या अंगणात फुलायला गेलं.

डेन्व्हरला गेल्यावर जे झालं, तिथेच या सौद्याचं खरं मर्म आहे. २ डिसेंबर १९९५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये गोलरक्षक पॅट्रिक रुआवर डेट्रॉइटने नऊ गोल चढवले. प्रशिक्षकाने त्याला वेळेत बाहेर काढलं नाही. अखेर बाहेर आल्यावर रुआ थेट संघाच्या अध्यक्षांपाशी गेला आणि मॉन्ट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना, असं त्यांना ऐकवून बसला. चार दिवसांत तो कोलोरॅडोत होता. त्याच्या बदल्यात गेलेल्या तिघांपैकी एक होता गोलरक्षक जोसेलिन थिबो, म्हणजे लिंड्रॉसच्या सौद्यातल्या १९९३च्या निवडीवर क्यूबेकने घेतलेला पोरगा. तिकडे हेक्स्टॉलला आयलंडर्स संघाकडे धाडताना क्यूबेकने जी निवड मिळवली, तिच्यावर अॅडम डेडमार्श आला होता. पुढे २००१ साली डेडमार्शला देऊन कोलोरॅडोने लॉस एंजेलिसकडून बचावपटू रॉब ब्लेक आणला.

१९९६च्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत कोलोरॅडोने फ्लोरिडाला ४-० धुतलं. दुसऱ्या सामन्यात फोर्सबर्गने पहिल्या सत्रातच गोलांची हॅटट्रिक केली. चौथा सामना शंभराहून अधिक मिनिटं शून्य-शून्य चालला, तिसऱ्या जादा सत्रापर्यंत. उवे क्रुपचा एक गोल आणि रुआने अडवलेले ६३ फटके, एवढ्यावर करंडक आला. २००१ साली दुसरा. त्या वेळी फोर्सबर्ग अंतिम फेरीत नव्हताच, प्लीहा काढण्याची तातडीची शस्त्रक्रिया झाली होती. पण गोलात रुआ होता आणि बचावाला ब्लेक होता. लिंड्रॉसच्या बदल्यातून उगवलेल्या फांद्यांनी तो करंडक पेलला.

म्हणून ‘क्यूबेकने लुटलं’ हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. संघ नॉर्डिक्स म्हणून क्यूबेकमध्येच राहिला असता, तर मॉन्ट्रियलने आपला लाडका रुआ शेजारच्या हाडवैऱ्याला दिला असता का? मला तर शक्यच वाटत नाही. सौदा केला क्यूबेकने आणि फळ खाल्लं डेन्व्हरने.

फिलाडेल्फियाचं नुकसान मात्र लोक समजतात तेवढं नाही. लिंड्रॉसने त्यांच्यासाठी ४८६ सामन्यांत ६५९ गुण मिळवले, संघाला पुन्हा दबदबा मिळवून दिला. खरी ठेच लागली ती १९९७ साली. अंतिम फेरीत डेट्रॉइटने ४-० हरवलं. लिंड्रॉसचा एकमेव गोल चौथ्या सामन्यात आला, शेवटच्या पंधरा सेकंदांत, तेव्हा बाजी केव्हाच हातची गेली होती. त्या मालिकेत फ्लायर्सच्या गोलात उभा राहिलेल्यांपैकी एक म्हणजे हेक्स्टॉल! पाच वर्षांपूर्वी सौद्यात देऊन टाकलेला आणि १९९४ साली परत आणलेला.

त्यानंतरचं फार सांगण्यात अर्थ नाही. मेंदूला पुन्हा पुन्हा धक्के बसले, व्यवस्थापक बॉबी क्लार्क यांच्याशी बिनसलं, कर्णधारपद गेलं. मे २०००मध्ये प्रतिस्पर्धी स्कॉट स्टीव्हन्सची धडक बसली आणि फ्लायर्ससोबतचा त्याचा खेळ तिथेच संपला. २००१ साली तो गेला कुठे, तर न्यूयॉर्क रेंजर्सकडे, जिथे तो १९९२मध्येच जायचा होता.

रेंजर्सवरून आठवलं. लवादाकडे हरलेल्या या संघाने आपले खेळाडू घरीच राखले आणि १९९४ साली ५४ वर्षांनी स्टॅन्ली कप जिंकला. लिंड्रॉस मिळाला नाही याचा सर्वांत झटपट फायदा झाला तो त्यांनाच. वादात त्यांचं नाव कुणी घेत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

फोर्सबर्ग आणि लिंड्रॉस दोघेही आता हॉल ऑफ फेममध्ये आहेत, एक २०१४चा, दुसरा २०१६चा. फोर्सबर्गच्या नावावर ७०८ सामन्यांत ८८५ गुण, लिंड्रॉसच्या ७६० सामन्यांत ८६५. दोघांच्या शरीराने दगा दिला. निव्वळ माणसाला माणूस लावून पाहिलं तर फोर्सबर्ग थोडा सरस. बाकीचे पाच, दोन निवडी आणि रोकड हे सगळं वरकड. तेव्हा कागदावर कोलोरॅडो जिंकलं, रेंजर्स वाचले, फिलाडेल्फिया फार तर थोडक्यात हरलं. क्यूबेक शहराने २०१५ साली सुमारे १८ हजार आसनांचं नवं स्टेडियम उभारलं. एनएचएलने त्यांना संघ अजून दिलेला नाही.