द्याल तरच जिंकाल!

जर्मनीत कृत्रिम दात बनवणारे तंत्रज्ञ क्लाउस टॉयबर यांचा ‘कॅटन’ हा खेळ १९९५ साली आला. तीन किंवा चार जणांनी खेळायच्या या खेळात नुसत्या नशिबावर भागत नाही.

पटावर १९ षटकोनी तुकडे मांडतात. एक वाळवंट सोडले तर प्रत्येकातून विटा, लाकूड, लोकर, धान्य वा खनिज मिळते. दोन फाशांची बेरीज तुकड्यावरील आकड्याशी जुळली, की त्याच्या कोपऱ्यावर वस्ती असणाऱ्याला त्या वस्तूचा पत्ता मिळतो. म्हणून सुरुवातीलाच ६ आणि ८ हेरावेत. ३६ पैकी प्रत्येकी ५ प्रकारे ते पडतात, २ व १२ एकेकाच प्रकारे.

रस्त्याला वीट व लाकूड लागते; वस्तीला शिवाय लोकर आणि धान्यही. सगळे एकाच्याच हाती क्वचितच येते. बँक एका पत्त्यासाठी एकाच प्रकारचे चार मागते, सोबतचा खेळाडू मात्र एकावर एक देऊन जातो. साठा करून ठेवाल तर ७ पडताच सातांहून जास्त पत्ते असणाऱ्याला निम्मे गमवावे लागतात.

दहा गुण झाले की जिंकलात. तेव्हा नऊवर पोहोचलेल्याला काही देऊ नका. इतरांशी घासाघीस करा, पण गोडीने. पुढच्या खेपेला त्यांचेच धान्य तुम्हाला लागणार आहे!